पट्टीला ढील

रात्री साडेनऊला पुढच्या बंपरची रबर पट्टी लावून झाली, दोन्ही टोकं नव्या ब्लेडने बंपरच्या कडेच्या कॅपला अगदी भिडतील अशी कापली, मोबाईलच्या उजेडात चार फोटो काढले आणि झोपायला गेले. सकाळी खाली येऊन बघते तर उजव्या टोकाला चांगली अकरा मिलिमीटरची फट. डावीकडे तीन. मधे कुठे फुगलेली नाही, कुठे खाचेतून निघालेली नाही, पट्टी आपली जागच्या जागी मागे सरकलेली आणि त्या फटीतून रिकामी खाच दिसतेय. दोन दिवसांचं काम होतं आणि कापलेलं रबर काही परत वाढत नाही. मी तशीच उकिडवी बसून राहिले थोडा वेळ, स्टीलची मोजपट्टी हातात धरून, दोनदोनदा मोजत.

गाडी मामाआजोबांची, १९७० च्या दशकातली. म्हणजे ज्या थोड्या वर्षांत बंपर अजून पोलादाचा आणि क्रोमचा होता पण त्याच्या कपाळावर काळ्या रबराची एक पट्टी आली होती, त्या वर्षांतली. मला हा काळ फार आवडतो. त्याच्या आधीचे बंपर म्हणजे नुसती चकाकी, पार्किंगमधे कुणी हलकं टेकवलं तरी ओरखडा. आणि त्याच्या नंतरचे म्हणजे जाडजूड. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेल्सपासून नियम आला की पुढचा बंपर ताशी पाच मैल, आपल्या हिशोबाने साधारण आठ किलोमीटर वेगाने आदळला तरी दिवे वगैरे सुरक्षेच्या गोष्टी शाबूत राहायला हव्यात, आणि मग तिथे गाड्या विकणाऱ्या सगळ्यांनाच बंपर बदलावे लागले. एमजीबी या छोट्या देखण्या स्पोर्ट्स कारचं क्रोम १९७४ मधे गेलं आणि तिथे भलेमोठे काळे बंपर आले, वर गाडीची उंचीसुद्धा थोडी वाढवावी लागली, बंपर ठरलेल्या उंचीवर यावा म्हणून. मी तिचे दोन्ही फोटो शेजारी ठेवून कितीदा तरी बघितलेत आणि दर वेळी वाईट वाटतं. तर या दोन टोकांच्या मधे ही बारीक पट्टी येते. बोटाएवढी रुंद, काळी, क्रोमच्या मधोमध धावणारी. आरशासारख्या बंपरवर डोळा सारखा घसरत राहतो, ही पट्टी त्याला टेकायला जागा देते. म्हणून ती वाकडी असली, आखडलेली असली, टोकाला कमी पडली की अख्खी गाडी थकलेली दिसते, मग रंग कितीही चांगला का असेना.

जुनी पट्टी काढली तो दिवस मला चांगला आठवतोय कारण मी काढताना घाई केली नाही, ती अख्खी निघावी असं वाटत होतं, नमुना म्हणून. तिचा काप बघितला तर इंग्रजी टी अक्षर आडवं पाडल्यासारखा, बाहेर दिसणारा चपटा चेहरा आणि मागे एक पाय, तो पाय बंपरच्या खाचेत अडकतो. खाचेला दोन्ही बाजूंनी पत्र्याचे दुमडलेले ओठ असतात, त्या ओठांच्या मागे पायाची टाच बसली की पट्टी सुटत नाही, कुठे गोंद नाही, स्क्रू नाही, फक्त दोन टोकांना छोट्या कॅप. काढली आणि जमिनीवर पसरली. सरळ भागात रबर कडक झालं होतं, राखाडी पडलं होतं, पण फारसं फाटलेलं नव्हतं. बंपर जिथे गाडीच्या कडेला वळतो, त्या दोन कोपऱ्यांवर मात्र भेगाच भेगा. आणि सगळ्या भेगा आडव्या. पट्टीच्या लांबीला काटकोनात, एकीजवळ एक, कोरड्या तळ्याच्या मातीला कशाही पडतात तशा नव्हेत, तर शिस्तीत, फणीच्या दातांसारख्या. त्याच कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, पायाच्या अंगाला, एकही भेग नाही.

हे मला नंतर नीट कळलं. हवेत थोडासा ओझोन असतोच, आणि नैसर्गिक रबराच्या लांबच लांब साखळ्यांमधे जे दुहेरी बंध असतात त्यांच्यावर तो घाला घालतो. पण नुसतं ठेवलेलं, कुठेही न ताणलेलं रबर त्याच्यामुळे असं चिरत नाही. रबर ताणलेलं असावं लागतं. ताण असला की साखळी तुटल्या तुटल्या दोन्ही टोकं लांब होतात, चीर उघडते, आत ताजं रबर उघडं पडतं, ओझोन तिथे पोचतो, चीर आणखी खोल जाते, आणि ती नेहमी ताणाच्या आडवी जाते. म्हणजे जुन्या रबरावरच्या भेगा हा एक नकाशाच असतो, ते कुठे आणि कोणत्या दिशेला ओढलेलं होतं त्याचा. मामाआजोबांच्या गाडीची पट्टी कुणीतरी, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी, कोपऱ्यावरून ओढून बसवली होती. हे मला पट्टी हातात असताना कळलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा मी फक्त भेगांचा फोटो काढला आणि पुढे गेले.

पट्टीच्या मागे काय होतं ते सांगायलाच हवं. बारीक वाळू, काळा चिखल सुकलेला, आणि खाचेच्या खालच्या ओठाशी लाल गंजाची एक सलग रेघ. वरून बंपर बघाल तर लख्ख. क्रोमचा थर मुळात फार पातळ असतो, मायक्रॉनच्याही अंशात, चमक आणि कडकपणा त्याचा पण पोलादाला खरं राखतं ते त्याच्या खालचं निकल, आणि क्रोमला नजरेला न दिसणारी छिद्रं असतातच. उघड्या भागावरचं पाणी पुसलं जातं, वाऱ्याने सुकतं. रबराच्या मागे गेलेलं पाणी तिथेच राहतं. जी पट्टी बंपरला धक्क्यापासून वाचवायला लावली तीच त्याच्या पाठीमागे ओल धरून बसते, आणि यात पट्टीचा दोष नाही, खालच्या बाजूला पाणी जायला जी भोकं ठेवलेली असतात ती चिखलाने बुजलेली होती, तिन्हीच्या तिन्ही. ती आधी मोकळी केली. गंज ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला, हे खरंच चालतं, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा उठत नाही आणि गंज निघतो. मग खाच कोरडी करून आतून मेणाचे दोन हात. हे काम कुणालाच कधी दिसणार नाही. मला ते सगळ्यात जास्त आवडलं.

नवीन पट्टी वेटोळं होऊन आली. आणि इथे पहिली गोष्ट, रबर म्हणून जे मिळतं ते रबर असेलच असं नाही. बरीचशी काळी बीडिंग पीव्हीसीची असते, दिसायला तीच, हाताला थोडी गुळगुळीत, वासाला वेगळी. ओळखायची माझी पद्धत साधी आहे. एक छोटा तुकडा कापायचा, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, वाकवून तसाच धरून गार पाण्यात बुडवायचा आणि सोडायचा. पीव्हीसी वाकलेलं राहतं. रबर सरळ होतं. रबराला एकदा व्हल्कनाइझ केलं, म्हणजे गंधक घालून तापवून त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकल्या, की त्याचा आकार त्याच्या मनात पक्का झाला, मग तुम्ही हीट गन घेऊन कितीही वेळ उभे राहा, ते तापेल, मऊ लागेल, आणि गार झालं की जसं होतं तसं. १८३९ मधे चार्ल्स गुडइयरच्या हातून ते गंधकाचं रबर तापलं तेव्हापासून रबर उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही, त्याची किंमत ही की ते पुन्हा घडवता येत नाही. त्यामुळे रबर पट्टीला 'आकार देणं' म्हणजे तिला वाकवून शिकवणं नव्हे. तिच्यातून काढता येतं, कापता येतं, घासता येतं आणि तिला जागा देता येते. एवढंच.

माझी पट्टी ईपीडीएमची होती. हे कृत्रिम रबर, याच्या मुख्य साखळीत ते दुहेरी बंध नसतात म्हणून ओझोन आणि ऊन याला फारसं काही करू शकत नाही, आताच्या गाड्यांच्या दारांची रबरं बहुतेक याचीच. फक्त तेल आणि ग्रीस याला चालत नाही, फुगतं. म्हणून बसवताना साबणाचं पाणी, फारतर ग्लिसरीन. सिलिकॉनचा स्प्रे घसरायला उत्तम पण जवळपास रंगकाम व्हायचं असेल तर अजिबात नको, ते हवेतून पत्र्यावर बसतं आणि त्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. हे मला आमच्या डेंटिंगवाल्या काकांनी आधीच बजावलं होतं.

तर साबणाचं पाणी. डावीकडून सुरुवात केली, पायाची वरची टाच ओठामागे घातली आणि खालची टाच प्लास्टिकच्या बोथट पट्टीने हळूहळू आत ढकलत गेले. स्क्रूड्रायव्हर वापरू नये, क्रोमला ओरखडा जातो तो जातोच पण रबराला जर एवढंसं नख लागलं तर पुढे तीच जागा फाटते. पहिला अर्धा तास छान गेला. मग अंगठे दुखायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की ओलं रबर एका हाताने किंचित ओढून धरलं की पाय बारीक होतो आणि खाचेत सटासट जातो. खरंच जातो. रबर दाबलं तरी त्याचं आकारमान जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे लांबीला ओढलं की जाडीला आणि रुंदीला ते कमी होणारच. उजवीकडचा अर्धा बंपर मी दहा मिनिटांत संपवला आणि मला वाटलं युक्ती सापडली.

सकाळी आई खाली आली ती चहाला हाक मारायला. मी फट दाखवली. तिने चष्मा वर केला, दोन्ही टोकं बघितली, आणि मी काय केलं हे न विचारता म्हणाली, "इकडे ओढलीस ना?" आई चाळीस वर्षं शिवते. मी म्हटलं तुला कसं कळलं. "अगं एका बाजूला तीन आणि एका बाजूला एवढं, म्हणजे हात बदलला ना मधे. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी ओढून लावली की असंच होतं, मशीनखाली छान दिसते, काढली की आखडते." मग तिने कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आणि हे तर बाहेरचं वळण आहे. आतल्या वळणाला जरासा ताण द्यायचा, बाहेरच्याला ढील. तू उलटं केलंस."

गळ्याला पट्टी लावताना वळण आतलं असतं, तिथे थोडा ताण दिला की पट्टी अंगाला बसते, फुगत नाही. गोल कॉलरच्या काठाला वळण बाहेरचं, तिथे ढील दिली नाही की काठ आत वळतो. बंपरचा कोपरा म्हणजे कॉलरचा काठ. पट्टीचा चेहरा बाहेर, त्याला जास्त अंतर कापायचंय, पाय आत, त्याला कमी. सरळ पट्टी वळवली की चेहरा आपोआपच ताणला जातो, त्यात मी वरून ओढली. मामाआजोबांच्या पट्टीवरच्या त्या फणीसारख्या भेगा तेव्हा मला आठवल्या आणि मी वर जाऊन तो फोटो आईला दाखवला, ती म्हणाली बघ, त्यानेही ओढलीच होती.

त्या दिवसानंतर मी रबराबद्दल वाचत बसले रात्री रात्री. जॉन गॉफ नावाचा एक इंग्रज निसर्ग-अभ्यासक होता, लहानपणी देवीच्या आजारात त्याची दृष्टी गेलेली. त्याने १८०५ मधे लिहून ठेवलंय की रबराची पट्टी ओठांना लावून पटकन ताणली तर ती ऊबदार लागते, सैल सोडली तर गार, आणि वजन लटकवून ताणलेलं रबर तापवलं तर ते लांबत नाही, आखडतं. ओठांना लावून. बोटांपेक्षा ओठांना ऊब बारीक कळते हे ज्याला हाताने आणि स्पर्शानेच जग बघायचं होतं त्याला माहीत होतं. पुढे १८५९ मधे जेम्स जूल यानेही हे मोजून दाखवलं. मी लगेच एक रबरबँड घेऊन ओठांवर ताणला, आणि हो, ऊब लागते, स्पष्ट. तुम्हीही करून बघा, जाडसर घ्या. रबराच्या साखळ्या सैल असताना गुंता होऊन पडलेल्या असतात, तोच त्यांचा आराम, ओढलं की त्या सरळ रांगेत उभ्या राहतात आणि उष्णता मिळाली की आणखी जोराने गुंत्याकडे परत जायला बघतात. माझी पट्टी इतकी काही ताणलेली नव्हती, दीड मीटरला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, त्यामुळे रात्री जे झालं त्याला गॉफची गरज नाही, ताणलं होतं, साबणाचं पाणी खाचेत अजून ओलं होतं, रात्रभर घसरत ती आपल्या लांबीला परत गेली. पण मला त्या माणसाचं वाचून बरं वाटलं. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी रबर ओठांना लावून विचारत होतं की तुला काय होतंय.

दुसऱ्या वेळी, नव्या पट्टीला, आईने खुणा करायला सांगितल्या. बाही मुंढ्यात भरताना जसं करतात तसं, बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा जास्तच असतो, तो जास्तीचा भाग चुण्या न पडता सगळीकडे सारखा जिरवायचा असतो, आणि त्यासाठी दोन्हीवर खुणा करून खूण खुणेला लावायची. मी बंपरवर खाचेच्या वर कागदी टेप लावली आणि दर वीस सेंटिमीटरला पेन्सिलची रेघ. पट्टीवर खडूने दर वीस सेंटिमीटर दोन मिलिमीटरला. प्रत्येक भागात दोन मिलिमीटर जास्तीचं रबर. ऐकायला काहीच नाही, दीड मीटरला मिळून दीड सेंटिमीटर होतं. त्याआधी पट्टी दोन दिवस जमिनीवर सरळ पसरून ठेवली होती, वेटोळ्याचा बाक जाईपर्यंत, हेही पहिल्या वेळी मी केलं नव्हतं. बसवायच्या आधी कोमट पाण्यात ठेवली, नुसती मऊ व्हावी म्हणून, बसवून होईपर्यंत तेवढा मऊपणा पुरतो.

आणि या वेळी डावीकडून उजवीकडे नाही, मधून सुरुवात. मधली खूण मधल्या खुणेला. मग एकदा डावीकडचा भाग, एकदा उजवीकडचा. आधी दोन खुणा जुळवून दोन्हीकडे पाय आत घालायचा, मधे पट्टी एवढीशी कमानीसारखी वर उचललेली राहते, मग त्या कमानीच्या मधोमध अंगठा ठेवून खाली दाबायचं, आणि ते दोन मिलिमीटर दोन्ही बाजूंना विरून जातात. दिसत नाहीत. हात फिरवला तरी कळत नाहीत. पण अंगठ्याला कळतं, रबर खाचेत बसताना आता मागे खेचत नाही, उलट खाचेच्या दोन्ही टोकांकडे अंग टेकून बसतं. हे कसं सांगू मला कळत नाही, पण ओढलेली पट्टी आणि भरलेली पट्टी यांच्यावर बोटाने टिचकी मारली तर आवाजसुद्धा वेगळा येतो, पहिली जरा तणाणते, दुसरी बद्द वाजते.

कोपऱ्याला मात्र नुसती ढील पुरत नाही. तिथे पट्टी वळली की आतल्या पायाला जागा कमी पडते, तो चेपला जातो, आणि चेपलेलं रबर कुठेतरी जाणारच, ते बाहेर येतं आणि चेहऱ्याला ओठांपासून उचलतं. वरून बघितलं तर वळणावर पट्टी जरा सुजल्यासारखी दिसते. तिथे पायाला मागून छोट्या व्ही आकाराच्या खाचा द्याव्या लागतात, फक्त पायाला, चेहऱ्याच्या जाडीत ब्लेड अजिबात जाऊ द्यायचं नाही. मी वळणावर चार दिल्या, साधारण तीन मिलिमीटर रुंद, आणि खाचेचं टोक टोकदार न ठेवता जाड सुई तापवून गोल केलं कारण टोकदार कापातून चीर पुढे पळते, गोलातून पळत नाही. आई म्हणाली हे तर आम्ही पण करतो, गोलाला कात्रे मारतो शिलाईपर्यंत. मी म्हटलं हो, आणि शिलाई कापली तर संपलं. तसंच आहे, म्हणाली.

खाचा दिल्यावर तो कोपरा वळला तेव्हा चारही व्ही मिटले. अक्षरशः मिटले, चार छोटी तोंडं बंद व्हावीत तशी, आणि वरचा काळा चेहरा सपाट, क्रोमला दोन्ही बाजूंनी सारखा टेकलेला, त्याच्यात समोरच्या भिंतीची सावली एका रेषेत वळत होती. मी तिथेच थांबले थोडी. एका कोपऱ्याला मला पाऊण तास लागला होता आणि मला तो मुळीच जास्त वाटला नाही.

टोकांचं काम निवांत. या वेळी टोकं कापलीच नाहीत लगेच. दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर जास्तीचं रबर तसंच बाहेर लोंबतं ठेवून टेपने धरून ठेवलं आणि चार दिवस हात लावला नाही. खाचेतलं पाणी सुकू दे, पट्टीला जे काय सरकायचंय ते सरकू दे. आणि कापायची तर पहाटे. न ताणलेलं रबर उन्हाने वाढतं आणि गारव्याने कमी होतं, पोलादाच्या दहापटीहून जास्त. दीड मीटरच्या पट्टीला वीस अंशांचा फरक पडला तर चारपाच मिलिमीटरची उलथापालथ होऊ शकते, तेवढ्यात बंपर अर्धा मिलिमीटरही हलत नाही. दुपारी मापून कापलेली पट्टी पहाटे आखूड पडणार. पहाटे कापलेली दुपारी वाढून कॅपला घट्ट टेकेल, आणि ते चांगलंच आहे.

कापताना रबर हाताने दाबून धरलं की ते फुगतं, फुगलेलं असताना कापलं की सोडल्यावर कापाचा चेहरा आत खोलगट होतो. सगळ्यांना वाटतं ब्लेड वाकडं गेलं. म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात पट्टीच्या मापाची चर पाडून घेतली, त्यात पट्टी न दाबता बसते, ब्लेड साबणाच्या पाण्यात बुडवून एकाच ओढीत कापायचं, करवतीसारखं मागे पुढे नाही. मग टोकाला तो उतार, आमच्या गाडीला टोक सरळ नाहीये, नखासारखं निमुळतं होत कॅपखाली जातं. तो उतार घासून काढावा लागतो. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून, मग एकशेवीस, मग दोनशेचाळीस, पाण्यात भिजवून. मऊ रबर घासताना पेपरखाली पळतं, म्हणून टोक घासण्याआधी पट्टीचा उरलेला तुकडा फ्रीझरमधे रात्रभर ठेवून बघितला, लाकडासारखा काही होत नाही तो, पण थोडा घट्ट होतो, पहिली पाच मिनिटं घासायला बरी मिळतात. बंपरवर बसलेल्या पट्टीला फ्रीझर कुठला, तिथे बर्फाची पिशवी धरली आईने. तिचे हात गार पडले तरी तिने सोडली नाही, मी दोनदा म्हटलं बस आता, तर म्हणाली घास तू, परत मऊ होईल.

घासलेलं टोक राखाडी दिसतं, ओलं असताना काळं, सुकलं की राखाडी. त्याला ग्लिसरीनचं बोट लावलं, एक दिवस मुरू दिलं, आणि ते बाकीच्या पट्टीत मिसळून गेलं. कॅप बसवली. उजवीकडे फट नाही. डावीकडे नाही.

त्याला आता सात महिने झाले. मी दर महिन्याला एक तारखेला दोन्ही टोकं बघते, फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातलं, सगळ्यात पातळ पातं कॅप आणि रबराच्या मधे घालून. उन्हाळ्यात गेलं नाही. थंडीत डावीकडे एकदा जेमतेम शिरलं, दुपारी पुन्हा शिरेना. पहिली पट्टी टाकली नाही मी, टाल्कम लावून ठेवलीये, तिच्यावर खडूने लिहून ठेवलंय कुठून ओढायला लागले ते.

मागचा बंपर राहिलाय. त्याला नंबर प्लेटच्या दिव्याजवळ एक जास्तीचं वळण आहे आणि ते आतलं आहे, म्हणजे तिथे ढील नाही, जरासा ताण, आणि मग लगेच पुढे बाहेरचं. आईला दाखवलं तर ती बराच वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली इथे खुणा दहा-दहा सेंटिमीटरला कर. पट्टी परवापासून भिंतीकडेला जमिनीवर पसरलेली आहे. एक टोक टेकलंय, दुसरं अजून बोटभर वर आहे.